अ‍ॅपवर वारा १४ दाखवतंय, मग कयाक पाण्यात घालायची का?

शनिवारी रात्री बेत ठरतो. रॉड, रीळ, गळांचा डबा, मळलेल्या पिठाचा गोळा, सगळं गाडीत जातं. शेवटी कुणीतरी फोन काढून उद्याचा वारा बघतं. एका अ‍ॅपवर १४ दिसतं, दुसऱ्यावर ८, तिसऱ्यावर ४. ज्याला जायचंच असतं तो ४ वर विश्वास ठेवतो. पण हे तिन्ही आकडे एकाच वाऱ्याचे असू शकतात. पहिला ताशी किलोमीटरमध्ये आहे, दुसरा नॉटमध्ये आणि तिसरा सेकंदाला मीटरमध्ये.

हवा भरायची किंवा प्लॅस्टिकची कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची छोटी अरुंद होडी, आता घरबसल्या मागवता येते. गंगापूर, दारणा, मुकणे अशी पाणी धरून ठेवणारी धरणं नाशिककरांच्या तासाभराच्या अंतरावर आहेत. त्यामुळे पूर्वी काठावर बसून गळ टाकणारे आता पाण्यात मध्यावर जाऊ लागले आहेत. काठावर वाऱ्याचा त्रास एवढाच की दोर फाकतो. मध्यावर मात्र वारा तुम्हाला काठापासून तोडू शकतो. म्हणून अंदाज वाचायची रीत नीट समजून घ्यायला हवी.

आकडा कशाचा, ते आधी बघा

अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन एकदाच ताशी किलोमीटर हे माप निवडा आणि पुन्हा बदलू नका. दुसऱ्या कुणी पाठवलेलं चित्र वाचायचं असेल तर दोन गुणाकार लक्षात ठेवा. सेकंदाला १ मीटर म्हणजे ताशी ३.६ किलोमीटर, आणि १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. समुद्राकडच्या अंदाजात नॉट असतात आणि तिथेच गफलत होते. १५ नॉट वाचून '१५ म्हणजे ठीक' असं वाटतं, प्रत्यक्षात तो २८ किलोमीटरचा वारा असतो.

दुसरी गोष्ट, अ‍ॅपवर ठळक दिसतो तो आकडा सरासरी वाऱ्याचा असतो. जगभर ठरलेल्या पद्धतीप्रमाणे वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजतात आणि साधारण १० मिनिटांची सरासरी काढतात. त्या १० मिनिटांत वारा कधी मंदावतो, कधी उसळतो. जेमतेम ३ सेकंद टिकणाऱ्या उसळीला झोत म्हणायचं. अ‍ॅपवर ती ओळ 'गस्ट' या नावानं असते आणि बहुतेक अ‍ॅपवर ती खाली कुठेतरी दडलेली असते.

एसटीत उभ्यानं प्रवास करताना गाडी ६० नं चालली आहे म्हणून कुणी पडत नाही. पडतो तो अचानक दाबलेल्या ब्रेकनं. सरासरी वाऱ्याशी शरीर जुळवून घेतं, वल्ह्याला एक लय सापडते. माणूस वळून मागच्या क्रेटमधून आमिष काढत असतो, त्याच क्षणी बाजूनं झोत येतो आणि कयाक उलटते. म्हणून सरासरी आणि झोत या दोन्ही ओळी वाचायच्या, आणि एकच वाचायची वेळ आली तर झोताची.

या दोन आकड्यांचं गुणोत्तरही बोलकं असतं. सरासरी १२ आणि झोत १७ म्हणजे वारा एकसारखा आहे. सरासरी ८ आणि झोत २४ असेल, म्हणजे तिप्पट, तर हवा खाली-वर घुसळली जाते आहे आणि वारा लहरी असणार. झोत सरासरीच्या दुपटीच्या वर गेला की सरासरी कितीही छोटी असली तरी त्या तासाला पाण्यात नसावं.

वारा दुप्पट, धक्का चौपट

१० चा वारा आणि २० चा वारा यांत आपल्याला 'दुप्पट' फरक वाटतो. पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट, तिप्पट झाला की नऊपट.

ढोबळ हिशेब करू. बसलेला माणूस, कयाकचा पुढचा भाग आणि मागचा क्रेट मिळून वाऱ्यासमोर अर्धा ते पाऊण चौरस मीटर आडोसा तयार होतो. ताशी २० किलोमीटरचा वारा या आडोशावर साधारण १ किलो वजनाइतका जोर लावतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण साधा माणूस तासभर वल्हवत राहून कयाकला जो जोर देऊ शकतो तो दोन ते अडीच किलोच्या आसपासच असतो, आणि त्यातला बराचसा नुसतं पाणी कापण्यात जातो. वारा ४० झाला की समोरून ४ किलोचा जोर येतो. म्हणजे सगळी ताकद लावूनही कयाक मागेच सरकणार. इथे व्यायामशाळेतली मेहनत उपयोगी पडत नाही.

हवा भरायच्या कयाकचा फुगीर काठ पाण्याच्या बराच वर असतो आणि तळ पाण्यात फारसा रुतत नाही. तिला वारा जास्त लागतो आणि ती बाजूला जास्त घसरते. पुढे दिलेल्या मर्यादा तिच्यासाठी चार-पाच किलोमीटरनं कमी धरा.

दिशा: परत कसं येणार, हे बाणच सांगतो

वाऱ्याला नाव मिळतं ते तो जिथून येतो त्या दिशेचं. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा. अ‍ॅपवरचा बाण मात्र वारा जिकडे चालला आहे तिकडे टोक करतो. पश्चिमेच्या वाऱ्याला अंशांत २७० लिहितात आणि बाण दिसतो पूर्वेकडे. अनेकांचा गोंधळ नेमका इथे होतो आणि ते उलट्या काठावरून पाण्यात उतरतात.

गंगापूर धरणाचंच घ्या. १९६५ साली पूर्ण झालेलं हे मातीचं धरण. गोदावरी त्र्यंबककडून पूर्वेला वाहत येते, त्यामुळे भिंत पूर्वेकडे आणि फुगवटा पश्चिमेकडे पसरलेला. नाशिकमध्ये उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिमेच्या अंगानं येतो. म्हणजे वल्हवणं थांबलं की कयाक हळूहळू भिंतीच्या दिशेनं सरकते, आणि भिंत, सांडवा, पाणी उचलण्याच्या विहिरी या तर जायला मनाई असलेल्या जागा.

आता पश्चिमेच्या काठावर उभे आहात असं समजा. मागे टेकाड, झाडी. समोरचं पाणी आरशासारखं. अ‍ॅप १८ म्हणतंय आणि इथे तर बाभळीचं पानही हलत नाही. हाच सगळ्यात फसवा काठ. टेकाडाच्या आडोशाला वारा डोक्यावरून निघून जातो आणि दोन-तीनशे मीटर पुढे पाण्यावर उतरतो. काठावर उभं राहून नीट बघितलं तर ती रेघ दिसते. अलीकडचं पाणी गुळगुळीत आणि उजळ, पलीकडचं खरखरीत आणि काळपट. त्या रेघेपलीकडे वारा पाठीवर असतो, म्हणून जाताना काहीच जाणवत नाही. उलट 'आज हात छान चालतोय' असं वाटतं. दीड किलोमीटर अंतर १५ मिनिटांत कापलं जातं.

परत फिरल्यावर खरा वारा कळतो. एरवी ताशी साडेचार-पाच किलोमीटरनं जाणारी मासेमारीची कयाक २० च्या वाऱ्यासमोर दोनवर येते. तेच दीड किलोमीटर आता पाऊण तासाचं होतं, तेही न थांबता. पाणी प्यायला किंवा दोर सोडवायला दोन मिनिटं थांबलात तर ४०-५० मीटर मागे गेलात.

म्हणून साधी रीत अशी की आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि परतीला वारा पाठीवर घ्यायचा. पहिली १५ मिनिटं जड गेली तर तिथेच कळतं की आजचा दिवस नाही, आणि काठही जवळ असतो.

लाटा कुठून येतात

धरणात लाटा कसल्या, असं अनेकांना वाटतं. लाट तयार व्हायला वाऱ्याला मोकळं पाणी लागतं. वारा ज्या सलग पाण्यावरून घासत येतो त्या लांबीला आपण 'धाव' म्हणू. धाव जितकी लांब तितकी लाट मोठी.

ताशी २५ किलोमीटरचा वारा १ किलोमीटर धावला तर लाट साधारण ११-१२ सेंटीमीटरची होते. ४ किलोमीटर धावला तर २२-२३ सेंटीमीटरची, आणि मधूनच एखादी ३५ ते ४० ची येते. हे आकडे समुद्रावर राहणाऱ्याला पोरखेळ वाटतील. पण धरणातल्या या लाटा आखूड असतात. दोन माथ्यांमध्ये पाच-साडेपाच मीटर अंतर आणि दर दोन सेकंदाला एक. १० ते १२ फुटांची कयाक एका लाटेवरून उतरते न उतरते तोच पुढची नाकावर आदळते. आडवी आली तर प्रत्येक लाट कयाकला एकाच बाजूला कलंडवत राहते आणि सावरायला वेळ मिळत नाही.

नकाशावर फुगवट्याचा लांब हात कोणत्या दिशेला आहे ते बघा आणि त्याच रेषेत वारा असेल का ते ताडून बघा. धरण तेच आणि वारा तेवढाच असला तरी आडव्या दिशेचा वारा चालतो, लांबीच्या दिशेचा चालत नाही.

सकाळी शांत, दुपारी सोसाट्याचा: असं का

वरणाचं पातेलं रात्रभर तसंच राहिलं की डाळ खाली बसते, पाणी वर राहतं, दोन थर वेगळे होतात. खाली आच लागली की तळातलं वर येतं, वरचं खाली जातं आणि सगळं एक होतं.

हवेचंही तसंच. रात्री जमीन गार होते, तिला चिकटलेली हवा थंड आणि जड होऊन खाली बसते. वरचा वारा तिच्यावरून घसरत जातो, खाली उतरत नाही. निफाडचा पारा घसरतो त्या डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हा थंड थर इतका घट्ट असतो की वीटभट्टीचा धूर वर न जाता आडवा पसरतो. पाणी स्तब्ध, वर धुकं. सूर्य वर आला, जमीन तापली की घुसळण सुरू होते आणि वरचा वारा खाली येतो. हिवाळ्यात हे साधारण १० ते ११ च्या दरम्यान होतं, एप्रिल-मेमध्ये ९ लाच. उन्हाळ्यात दुपारी २ ते संध्याकाळी ६ हा सर्वांत जोराच्या वाऱ्याचा काळ, आणि पश्चिम किंवा वायव्येकडचा वारा कधी कधी अंधार पडेपर्यंत थांबत नाही.

यातून एक उपयोगी युक्ती निघते. काही अ‍ॅपवर उंची बदलायची सोय असते. तिथे ८५० हेक्टोपास्कल असं लिहिलेली पातळी निवडा. ती समुद्रसपाटीपासून साधारण दीड किलोमीटरवर असते. नाशिक स्वतःच सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, म्हणजे आपल्या डोक्यावर जेमतेम ९०० मीटर. पहाटे खाली वारा ५ आणि त्या पातळीवर ३५ दिसत असेल तर ते ३५ दुपारी झोताच्या रूपानं खाली उतरायची शक्यता धरा. दोन्हीकडे १० च्या आत असेल तर दिवस खरोखर निवांत आहे.

जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारा दिवसरात्र चालू असतो, धरणातून कधीही विसर्ग सोडला जातो आणि फुगवट्यात झाडाच्या फांद्या, ओंडके वाहत येतात. या चार महिन्यांत कयाक घरीच बरी. ऑक्टोबरमध्ये वारा मंद असतो, पण दुपारनंतर परतीच्या पावसाचे गडगडाटी ढग होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा नाशिककरांसाठी खरा हंगाम.

तीन अ‍ॅप, बातमी एकच

अंदाज करणारं असतं ते मॉडेल. म्हणजे हवेच्या हालचालीचं गणित संगणकावर सोडवणारी यंत्रणा. अ‍ॅप फक्त त्या गणिताचं उत्तर सुंदर रंगांत दाखवतं. एकाच वृत्तसंस्थेची बातमी दोन वर्तमानपत्रांत छापून आली म्हणून ती दोनदा खरी ठरत नाही. दोन अ‍ॅप एकाच मॉडेलवर चालत असतील तर त्यांच्या एकमताला काही किंमत नाही. म्हणून अ‍ॅपमध्ये मॉडेलचं नाव शोधा आणि दोन वेगळी मॉडेलं समोरासमोर ठेवा. बहुतेकांना सहज मिळतात ती अमेरिकेचं जीएफएस आणि युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ. दोन्ही १२-१३ म्हणत असतील तर विश्वास ठेवा. एक ८ आणि दुसरं १८ म्हणत असेल तर १८ खरं धरून चला.

मॉडेल जमिनीचे चौकोन पाडतं आणि एका चौकोनाला एकच वारा देतं. युरोपच्या मॉडेलचा चौकोन साधारण ९ किलोमीटरचा, अमेरिकेच्या मॉडेलचा साधारण १३ चा, आणि त्याचं उत्तर तर अनेक अ‍ॅप २५ किलोमीटरच्या जाळीवर दाखवतात. मे २०२५ मध्ये सुरू झालेली आपली भारत फोरकास्ट सिस्टीम ६ किलोमीटरवर आली आहे. ती पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत तयार झाली. तरीही ६ किलोमीटरच्या चौकोनात अर्धं धरण, एक टेकडी आणि दोन गावं मावतात. अंजनेरी-ब्रह्मगिरीची रांग वाऱ्याला कुठे अडवते आणि कोणत्या खिंडीतून जोरात सोडते, हे एवढ्या बारकाईनं त्यात उतरत नाही. म्हणून पिन निदान 'नाशिक' शहरावर न ठेवता धरणाच्या मधोमध ठेवा. शहरातल्या इमारतींमध्ये अडखळणारा वारा आणि उघड्या पाण्यावरचा वारा एक नसतो.

वेळेचंही एक गणित आहे. ही मोठी मॉडेलं आपल्या घड्याळाप्रमाणे पहाटे ५:३०, सकाळी ११:३०, संध्याकाळी ५:३० आणि रात्री ११:३० च्या निरीक्षणांपासून गणित सुरू करतात आणि उत्तर हाती यायला चार ते सात तास लागतात. रात्री ९ ला तुम्ही बघता तो अंदाज पहाटेच्या किंवा सकाळच्या आकड्यांवर बेतलेला असतो. पहाटे ५ ला बघाल तो संध्याकाळच्या किंवा रात्रीच्या आकड्यांवर. त्यामुळे रात्री बेत ठरवा, पण निर्णय पहाटे पुन्हा बघून घ्या. रात्री १२ होतं ते पहाटे १८ झालं असेल तर गाडीचं तोंड घराकडेच राहू द्या.

वळवाचा वारा अंदाजात नसतो

एप्रिल, मे आणि ऑक्टोबरचा मोठा धोका तासागणिक तक्त्यात दिसतच नाही. गडगडाटी ढगातून पावसाबरोबर थंड हवा धाडकन खाली पडते. अंगणात बादलीभर पाणी ओतल्यावर ते जसं चहूबाजूंनी पसरतं तशी ती जमिनीवर आदळून पसरते. हा वारा पावसाच्या १०-१५ किलोमीटर पुढे धावू शकतो. म्हणजे तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि पाच मिनिटांत ५ चा वारा ५० होतो. ढग नेमका कुठे फुटेल हे कोणतंही मॉडेल आदल्या रात्री सांगू शकत नाही.

त्यासाठी वेगळी साधनं वापरायची. भारतीय हवामान विभाग जिल्हावार इशारे देतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. शिवाय पुढच्या तीन तासांसाठी तात्काळ इशारा निघतो. त्यात 'नाशिक जिल्ह्यात मेघगर्जनेसह ताशी ३०-४० किलोमीटर वेगानं वारे' अशा भाषेत झोताचा आकडा दिलेला असतो. विजांसाठी 'दामिनी' हे अ‍ॅप आहे. आपल्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या घेऱ्यात नुकत्याच पडलेल्या विजा ते दाखवतं. कयाकवाल्यानं नियम सोपा ठेवावा. नाशिकसाठी मेघगर्जनेचा पिवळा इशारा असेल तर सकाळी १० च्या आत पाण्याबाहेर, नारिंगी असेल तर जाणंच नको.

पाण्यात असताना खुणा ओळखा. तापलेल्या दुपारी अचानक गार झुळूक येते, मातीचा वास येतो, वारा उलट्या दिशेनं फिरतो, पलीकडच्या शेतावर धुळीची भिंत दिसते. यातलं एक जरी दिसलं तर रीळ गुंडाळा. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीननं भागा, तेवढे किलोमीटर ती दूर आहे. पण मोजत बसण्यात वेळ घालवू नका. गडगडाट ऐकू आला याचाच अर्थ तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात परत जाऊ नये.

मग जायचं कधी

१० ते १२ फुटांची, वर बसायची प्लॅस्टिकची कयाक आणि बऱ्यापैकी सराव असलेला माणूस धरून हे आकडे आहेत.

सरासरी १० च्या आत आणि झोत १५ च्या आत: निर्धास्त जा, नवखेही चालतील.

सरासरी १० ते १५, झोत २२ पर्यंत: सराव असेल तरच, काठापासून दोनशे मीटरच्या आत, आणि आधी वाऱ्याच्या तोंडावर.

सरासरी १५ च्या वर किंवा झोत २५ च्या वर: काठावर बसून गळ टाका.

हे आकडे तुम्ही निघता त्या वेळचे बघायचे नाहीत. तुम्ही परत येणार त्या वेळचे, आणि त्याच्या पुढच्या दोन तासांचे बघा. मॉडेलची सर्वांत नेहमीची चूक आकड्याची नसते, वेळेची असते. ११ ला सुटणार म्हटलेला वारा ९:३० ला सुटतो. म्हणून अंदाजात वारा ११ ला चढत असेल तर ९ ला काठाला लागायचं.

'१० मीटरवरचा वारा आहे, मी तर पाण्यालगत बसलोय'

हा आक्षेप बरोबर आहे, पण अर्धाच. उघड्या पाण्यावर बसलेल्या माणसाच्या उंचीवर वारा १० मीटरवरच्या वाऱ्याच्या पाऊणपट असतो. मात्र मॉडेलच्या चौकोनात बहुतांश जमीन असते, झाडं, घरं, द्राक्षबागांचे मांडव, आणि त्यांना घासून मंदावलेला वारा ते दाखवतं. गुळगुळीत पाण्यावर तोच वारा वेग पकडतो. एक गोष्ट आकडा घटवते, दुसरी वाढवते. सूट देऊ नका, आकडा आहे तसा घ्या.

'थोडा वारा असल्याशिवाय मासा लागत नाही'

यात तथ्य आहे. पाणी किंचित थरथरलं की उजेड तुटतो, मासा बुजत नाही. काठालगतच्या गवताशी मरळ असो की मध्यावरचा कटला, दोघांनाही आरशासारखं पाणी नको असतं. पण त्यासाठी ८ ते १० चा वारा भरपूर झाला. त्यापुढे दोराला पोट पडतं, चावा हाताला कळत नाही आणि कयाक एका जागी राहत नाही.

मग लोक नांगर टाकतात, आणि तो हाताशी येतो म्हणून कयाकच्या बाजूला बांधतात. यापेक्षा मोठी चूक नाही. बाजूला बांधलेला नांगर कयाकला लाटांना आडवं धरून ठेवतो आणि झोत आला की दोर तीच बाजू खाली ओढतो. नांगर नेहमी नाकाला किंवा शेपटीला बांधावा. दोर पाण्याच्या खोलीच्या निदान तिप्पट सोडावा, आणि एका हिसक्यात सुटणारी गाठ व हाताशी सुरी ठेवावी. धरणाच्या तळाला बुडालेली झाडं, जुने बांध, विहिरी असतात. नांगर अडकणारच असं धरूनच तयारी करा.

'मच्छीमार तर ट्यूबवर बसून जाळं टाकतात, त्यांना कुठे अ‍ॅप लागतं'

त्यांना लागत नाही कारण ते रोज तेच पाणी बघतात. कोणत्या टेकडीवर ढग टेकला की काय होतं, हे त्यांच्या डोळ्यांत बसलेलं असतं. ते भल्या पहाटे जाळं काढून ऊन चढायच्या आत काठाला येतात, आणि कोणत्या खाडीत शिरलं की वारा लागत नाही हे त्यांना ठाऊक असतं. पाण्यात उतरण्याआधी त्यांनाच विचारा, 'दादा, आज वारा कधी सुटेल?' गावातल्या माणसाचा हा अंदाज कोणत्याही चौकोनापेक्षा बारीक असतो. त्यांच्याशी बोलायला आणखी एक कारण आहे. धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. गळानं मासे धरायलाही त्यांची आणि कयाक घालायला जलसंपदा विभागाची परवानगी विचारून घ्यावी. नांदूरमध्यमेश्वर हे अभयारण्य आहे, तिथे हा विषयच नाही.

'कयाक बुडत नाही, मग भीती कशाची'

वर बसायची कयाक बुडत नाही हे खरं. पण उलटल्यावर तुम्ही खाली पडता आणि हलकी झालेली कयाक २५ च्या वाऱ्यात ताशी दोन-तीन किलोमीटरनं निघून जाते. कपडे आणि लाइफ जॅकेट घालून त्या वेगानं पोहता येत नाही. पडताना एक हात कयाकच्या पट्ट्यावर किंवा वल्ह्यावर असला पाहिजे आणि वल्हं कयाकला दोरीनं बांधलेलं असलं पाहिजे. लाइफ जॅकेट अंगात आणि बंद लावलेलं हवं. सीटमागे खोचलेलं काही उपयोगाचं नाही.

बॅटरीची मोटर लावलेल्यांनीही हिशेब करावा. तोच वेग टिकवायचा तर वाऱ्यासमोर बॅटरी झपाट्यानं उतरते. निम्मी बॅटरी जाताना खर्च झाली असेल तर उरलेली निम्मी परतीला पुरणार नाही. एक तृतीयांश संपली की फिरा.

काठावरची पाच मिनिटं

कयाक उतरवायच्या आधी आडोशातून बाहेर येऊन एखाद्या उघड्या टेंगळावर पाच मिनिटं उभे राहा. खिशातला वारामापक असेल तर तोंड वाऱ्याकडे करून दोन मिनिटं धरा, सरासरी आणि सर्वांत मोठा आकडा दोन्ही टिपा. नसेल तर आजूबाजूला बघा. धूर वाकतोय, तोंडाला वारा जाणवतोय, पानं नुसती सळसळतायत, म्हणजे ६ ते ११. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतायत, म्हणजे १२ ते १९. धूळ आणि कागद उडतायत, लहान फांद्या हलतायत, म्हणजे २० ते २८. पाण्यावर पांढरा फेस बघा. तुरळक फेस दिसला तर वारा १५ च्या पुढे गेला आहे, जागोजागी दिसला तर २० च्या पुढे. मग अ‍ॅपवर काहीही असो.

दर खेपेला वहीत चार गोष्टी लिहा: अंदाज काय होता, प्रत्यक्ष काय होतं, दिशा, आणि वारा किती वाजता चढला. दहा-बारा खेपांत कळतं की अमुक धरणावर वायव्येचा वारा अ‍ॅपपेक्षा पाचनं जास्त निघतो, किंवा तमुक खाडीत तो पोचतच नाही. ही दुरुस्ती त्या पाण्यापुरती असते, दुसऱ्या धरणावर ती लागू करू नका.

आणि वाऱ्यात सापडलातच, तर रॉड आडवे ठेवा, उभे राहू नका, पाय पसरून खाली बसा. कयाकचं नाक लाटांना थोडं तिरकं, पाव काटकोनाइतकं ठेवा, आडवं पडू देऊ नका. गाडी उभी आहे त्या काठाचा हट्ट सोडा. भिंतीकडची बाजू टाळून, वाऱ्याशी तिरके जात जो काठ आधी लागेल तिकडे चला. कुठल्याही शेताच्या बांधाला लागलात तरी चालेल, कयाक ओढून वर घ्या, वाऱ्यानं उडू नये म्हणून झाडाला बांधा आणि मित्राला फोन करून गाडी तिकडे बोलवा.